होडीच्या पोटातली पावडर

तीर्थस्वरूप काकांना,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, काकूंचा खोकला आणि तुम्हा दोघांमधला अबोला, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे आहोत. 'खुशाल' हा शब्द मुद्दाम गाळला, कारण अप्पांच्या नाकात गेला महिनाभर नळी आहे आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन अगदी हळू सांगितलं, पंधरा दिवस, फार तर वीस. (आतून अप्पांनी विचारलं, "पंधरा की वीस? नीट विचारून घे." आपल्या घराण्याचे कान किती तिखट, ते तुम्हाला मी सांगायला नको.)

तर अप्पांना जायच्या आधी होडी पाण्यात बघायची आहे. कुठली होडी विचारू नका. तुम्ही दोघा भावांनी मिळून बांधलेली, जिच्या डाव्या कुशीला पहिल्याच वर्षी फुगा आला, 'हा भाग धाकट्याने केला, घाईत केला' असं अप्पा चार माणसांत बोलले आणि तुम्ही हातातला ब्रश खाली ठेवून निघून गेलात, तीच. बावीस वर्षं ती शेडमध्ये पालथी पडून आहे. मी पाण्याच्या गळक्या टाक्या सांधत सांधत स्वतःचं वर्कशॉप उभं केलं, लोकांच्या होड्या नव्या केल्या, पण हिला हात लावायची परवानगी नव्हती. आता मिळाली. (माणूस जायला निघाला की उदार होतो की जास्तच हट्टी होतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.)

चमचा घेतला आणि त्या डाव्या कुशीपासून बूड ठोकत गेलो. चांगल्या जागी टण्ण वाजतं. जिथे फायबरचे थर एकमेकांपासून सुटलेत तिथे भद्द, उशीवर मारल्यासारखं. खडूने भद्दची हद्द आखली तर ती जेवणाच्या टेबलाएवढी निघाली. वरचं कातडं कापून सोललं, आणि काका, दोन थरांच्या मधे पांढरी भुकटी! बोटांवर चोळून बघितली. अंगाला लावायची पावडर. काचेचे तंतू टोचू नयेत म्हणून कोपरापर्यंत पावडर फासून कामाला बसायची सवय कुणाची? तुम्ही तर खाजवून खाजवून हात लाल करायचात, पण 'असला नटवेपणा मला जमायचा नाही' म्हणायचात. (हे मी शेजारच्या खोलीतून ऐकलेलं आहे.) ती पावडर वाळलेल्या थरावर झडत राहिली आणि वरचा थर कधी चिकटलाच नाही. सोललेला तुकडा मी अप्पांकडे नेला. त्यांनी नाकातली नळी काढली, तुकड्याचा वास घेतला, नळी परत घातली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नवा थर दाबून बसव." बस्स, एवढंच.

दाबून म्हणजे व्हॅक्यूमने. तुम्ही लोक वर वजनं ठेवायचात. आता बूड आठवडाभर दिव्याखाली वाळवायचं, काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून बसवायचं, वर प्लॅस्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. मग बाहेरची हवाच थराला दाबून धरते. रेझिन कडक होईपर्यंत, म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, पंप थांबता कामा नये. सुरुवातीलाच कुठेतरी 'सूंऽ' ऐकू आलं. हवा शिरत होती. मी कडेकडेने कान लावत गेलो, भोक सापडलं, दाबलं, आणि कानावरच्या केसांसकट चिकटपट्टीला चिकटलो. ही कात्री घेऊन आली. "कानांचं कौतुक ऐकलं होतं, हे जंगल आज बघितलं," म्हणत तिने मला सोडवलं. आम्ही हसतोय तोवर फ्यूज उडाला. पंप आणि अप्पांचं मशीन एका तारेवर चालणार नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. (वीस वर्षांचा अनुभव, अशी पाटी आहे माझ्या दारावर.)

फ्यूज बदलला, पंप बंद ठेवला आणि अप्पांचं मशीन लावलं. तिकडे प्लॅस्टिक सैल पडून कापड उचलायला लागलं. आतून आवाज, "पंप का थांबला?" सांगितलं. "मग माझं बंद कर."

"अप्पा, काहीतरीच काय!"

"मला उरलेले आठ-दहा दिवस काढायचेत. तिला वर्षानुवर्षं पाण्यात राहायचंय."

मी हललो नाही, तेव्हा त्यांनी स्वतः प्लग उपसला आणि मुठीत धरून ठेवला. सोडेनातच. मी पंप लावला. (लावला, काका. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू?) ही धावत शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेली. बाईंनी आपलं मशीन आणि इस्त्री दिवसभर बंद ठेवली आणि भिंतीवरून वायर दिली. त्यावर अप्पांचं मशीन पुन्हा चालू होईपर्यंत अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटं मी अप्पांचे ओठ निळे होताना बघत होतो आणि ते डोळे मिटून पंप ऐकत होते. कुठली घरघर पंपाची आणि कुठली त्यांची, माझ्या कानांनाही कळेना.

थर बसला. दुसऱ्या दिवशी ठोकून बघितला, इंच न् इंच टण्ण. अप्पा खिडकीतून ऐकत होते. म्हणाले, "तळहाताएवढी जागा राहिली. तिथे तुझा हात चालायचा नाही. धाकट्याला बोलव."

काकूंना नमस्कार सांगा. बोलत असाल तर.

तुमचा अजूनही पुतण्याच

ता. क. त्या जागेवर मी चाळीस वेळा ठोकलंय. ती ठणठणीत आहे. हत्यारं आणू नका, नुसते या. लगेच या.

ता. क. दुसरा. पाकिटात आणखी एक पत्र आहे. ते अप्पांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्यात त्यांची प्रकृती उत्तम आहे, आणि 'तुझं बावीस वर्षांपूर्वीचं घाणेरडं काम उघडं पडलं, येऊन निस्तर' असा मजकूर आहे. तुम्हाला तेवढंच मिळालं असं दाखवा आणि दारातूनच भांडायला लागा. त्या आशेवर ते सध्या दोन घास खातात. फक्त, एका दमात त्यांना दोनच वाक्यं जमतात. तेव्हा त्यांचं झाल्याशिवाय उत्तर देऊ नका. आणि काका, पहिल्याच दिवशी सगळं भांडून संपवू नका.