गुलाबाच्या मळ्यासाठी सही

रविवार, संध्याकाळ. मखमलाबाद.

आज नितीनने माझ्या चपला उचलून पायाशी आणून ठेवल्या. एवढा मोठा बाप्या झाला, आजवर कधी असं केलं नाही. हे गेल्यापासून नुसता गोड बोलतोय.

चहा झाल्यावर म्हणाला, "आई, उद्या नोंदणी कार्यालयात जाऊ. गुलाबाचा मळा माझ्या नावावर करून टाकू, म्हणजे पुढे कटकट नाही."

"आणि सुनीता?"

"ती हक्क सोडते म्हणाली."

म्हणाली? मग मला कशी नाही बोलली? अन् त्या चपला! तो बाहेर गेल्यावर लगेच कळवणला लेकीला फोन लावला. "आई, मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. आणि लगेच, "मळ्याला आता काय भाव आलाय गं?"

म्हणजे आता मला तिचाही संशय.

ह्यांना किती वेळा म्हटलं होतं, मृत्युपत्र करून ठेवा. "आपल्या पोरांत कसली भांडणं?" म्हणून हसायचे. भांडण अजून झालेलं नाही. पण पोराने चपला दिल्या तरी मी त्याच्याकडे चोर असल्यासारखी बघतेय, त्याचं काय?

नितीन परत आल्यावर सांगून टाकलं. सही करणार नाही. आधी दोघं समोर बसा, आणि माझ्या वाट्याचं मृत्युपत्र मी वकिलाकडून करून घेणार.

त्याचं तोंड उतरलं. "माझ्यावर विश्वास नाही का?"

खरं तर आज नव्हता. "तो राहावा म्हणूनच करतेय," मी म्हणाले.

तो जेवला नाही. मीही नाही.