एकीत दोन गोधड्या

मंगळवार, आश्विन. दिवेलागण.

झाली एकदाची! चैत्रात शिवायला घेतलेली पातळ गोधडी धानाच्या रोवणीमुळे अर्धीच राहिली होती. तेवढ्यात नणंद वंदना आली. नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आहे ती. "वहिनी, पाऊस सरला, पुढच्या आठवड्यात जंगल उघडून राहिलं. पहाटे उघड्या जिप्सीत हाडं गोठतात. एक जाड गोधडी शिवून दे न."

एक अर्धी, दुसरी सुरूही नाही, हाती आठवडा. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "पातळवाली सोड. कायले जीव काढून राहिली?"

सोडू? चैत्रापासूनचे टाके? नाही सोडली. त्या अर्ध्या गोधडीच्या वर-खाली जुनी लुगडी घातली अन् तिलाच जाड गोधडीच्या पोटात घेतलं. एवढ्या थरांतून सुई जाईल का, धाकधूक होतीच. बोटं सोलली, पण गेली.

आज दुपारी वंदनाने ती अंगावर घेतली. बाहेर एवढं ऊन, कपाळावरून घाम गळून राहिला, तरी बाई काढेना!

जाऊबाईंनी काठ चाचपला, टाके पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "माझीही एक अर्धी पेटीत पडून आहे. दाखवशील कसं केलं ते?"

मी लगेच हो म्हटलं नाही. आधी त्यांना चहा मांडायला लावला.