सुताराची लाल पट्टी

३ मार्च
नवी नोकरी, नवं टेबल, खिडकीत ऊन! अतिदक्षता विभागाची फार्मासिस्ट म्हणून कोणाला कोणतं अँटिबायोटिक द्यायचं, ते आता मी बघणार. ‘पेनिसिलिन चालत नाही’ अशी लाल पट्टी ज्यांच्या मनगटावर असते, त्यांतल्या बहुतेकांना ते खरं तर चालतं. लहानपणी कधीतरी पुरळ आलेलं असतं, एवढंच. पण पट्टीपायी सेप्सिसच्या, म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग भिनलेल्या, रुग्णालाही दुय्यम औषध मिळतं आणि माणूस हकनाक जातो. म्हणून नीट चौकशी करायची, चाचणी घ्यायची आणि पट्टी कापायची. नियम मीच लिहिला: माझ्या सहीशिवाय पट्टी निघणार नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, बाई गं, आल्या आल्या कात्रीच काढलीस!

९ मार्च
सात पट्ट्या कापल्या, सातही जण ठणठणीत. पट्ट्या खणात टाकते. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणे, कात्रीला दृष्ट लागू देऊ नकोस.

१४ मार्च
एक सुतार, सेप्सिस. बायको सांगत होती की मागे इंजेक्शनने याचा घसा आवळला होता, तोंड सुजलं होतं. मला घाई होती. सगळ्यांच्या बायका हेच सांगतात म्हटलं आणि चाचणी न घेताच सही केली.
पेनिसिलिन दिलं. चार मिनिटांत गेला.
बायकोने फक्त पट्टी मागितली. कचऱ्यात गेली, असं सांगितलं. कागदावर मी लिहिलं: सेप्सिसने मृत्यू.

१६ मार्च
खणात त्याची पट्टी. अखंड. कापल्याची खूणसुद्धा नाही.

१७ मार्च
ती माझ्या मनगटावर आहे. मी घातलेली नाही. कापली. दुपारी परत — आणखी घट्ट.

१९ मार्च
कापताना कात्री घुसली. उजवा हात सुजलाय, हुडहुडी भरलीय. पट्टीवरचं त्याचं नाव पुसट होतंय. माझं उमटतंय.

२० मार्च
सेप्सिस. खाटही सुताराचीच. पट्टी बघून दिलेल्या दुय्यम औषधाने उतार नाही. घसा फोडून सांगतेय, मला पेनिसिलिन चालतं, लहानपणी बाटल्याच्या बाटल्या प्यायलेय! डॉक्टर म्हणाले, आधी चाचणी. वेळ नाही, म्हटलं. मोठ्या सिस्टर डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, तुझाच नियम ना गं, कर सही.

२१ मार्च
डाव्या हाताने सही केली. पट्टी कापली — या वेळी परत आली नाही. पेनिसिलिन सुरू. वाचले.
दारात सुताराची बायको. म्हणते, चारच मिनिटं बसते.
ओठ का जड —
जीभ —
सिस्टर, कागदावर सेप्सिस लिहू नका, हे तर —