अवतरणाआधीचं अक्षर

मंगळवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आज प्रोग्रॅमरांच्या फोरमवर पुन्हा भांडलो. माझं म्हणणं एवढंच, की प्रोग्रॅममध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणारी ओळ, लिहिताना अवतरणचिन्हाआधी तिचं स्वतःचं एक अक्षर असावं. पुढचा मजकूर साधा नाही, हे वाचणाऱ्याला आधीच कळेल. तिथल्या एका जुन्या सदस्याने लिहिलं, 'अवतरणाआधी लावायला आहेत तीच अक्षरं पुष्कळ झाली. एका अक्षराने असं काय बिघडतं?' मी तापून चार परिच्छेद खरडले. माझा सटाण्याचा रूममेट सचिन म्हणाला, "भाऊ, कॉलेज सोडताना सरांशी असाच भांडला होतास. तेव्हा तरी काय मिळालं? जेवून घे."

जेवणार होतो. तेवढ्यात वैष्णवीचा मेसेज. किती महिन्यांनी. वर लग्नपत्रिका, खाली 'ओझरला येशील ना?'

तिच्या नावाआधी चि. सौ. कां. छापलंय. नाव तेच आहे, पण मला ते वाचताच येईना. काय बिघडतं म्हणे एका अक्षराने.

कॉलेजात तिला मीच शिकवलं होतं, की प्रोग्रॅममध्ये अवतरणाआधी इंग्रजी आर लावला की पुढचं जसंच्या तसं घ्यायचं, त्यातून दुसरा अर्थ काढायचा नाही. ती हसून म्हणाली होती, "मग तुझ्या मेसेजला पण लावत जा ना. कळतच नाही तुला काय म्हणायचंय." तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं.

फोरमवरचे चारही परिच्छेद पुसले. पुन्हा पत्रिका उघडली. पुन्हा ते चि. सौ. कां.

शेवटी तिला लिहिलं, 'येईन. खूप आनंद झाला. आधी आर लावलाय असं समज.'

आर लावून पहिल्यांदाच खोटं लिहिलं.