‘कळ’ शब्दाचं एक कार्ड

प्रिय ठके,

पत्र पाहून तुला वाटेल, बाबांना आता फोनचाही कंटाळा आला. तसं नाही. फोनवर मी हवापाण्याचं बोलून वेळ मारून नेतो, हे तुला ठाऊक आहे. म्हणून हे लिहून सांगतोय.

बातमी अशी, की आमच्या शब्दकोशाचा ‘क’ एकदाचा छापायला निघाला. शेवटपर्यंत अडून बसला तो ‘कळ’. अक्षरं दोनच, पण त्याने मला दोन वर्षं दमवलं. यंत्राची कळ ‘कला’वरून आली, असं आमच्या संपादकबाईंचं म्हणणं. दोन माणसांत लावतात ती कळ कलहातली, असं माझं. त्यावर आम्ही शाळकरी पोरांसारखे भांडलो. दुखण्याची कळ कुठून आली ते मात्र दोघांनाही ठरवता येईना, तिथे प्रश्नचिन्ह ठेवलंय. आणि आपण ‘जरा कळ काढ’ म्हणतो त्यात सोसणं किती आणि नुसतं थांबणं किती, यावर मी चार कार्डं खर्ची घातली.

आमची पद्धत तुला माहीत आहे. उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही. कुणीतरी खरंच बोललेलं घ्यायचं, आणि कार्डाच्या कोपऱ्यात बोलणारा, तारीख, वेळ टिपायची. माझी निम्मी कार्डं तुझ्या आईची. भाजी चिरता चिरता ती काही बोलली की माझा हात खिशातल्या कार्डांकडे जायचा. आमच्या घरात तोंड उघडायची सोय नाही, लगेच छापून येतं, असं ती मैत्रिणींना सांगायची आणि वर हसायची. तसं बोलणं आता कानावर पडत नाही, ठके. घर खायला उठतं.

ती गेली त्या दिवसाबद्दल तू मला एकदाच विचारलंस, आईला त्रास कधीपासून होत होता म्हणून. मी म्हणालो, अचानक झालं, सातच्या सुमारास. तू ऐकून घेतलंस आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवलास. तो हात मला अजून पेलत नाही.

सोबतचं कार्ड मी छापायला दिलेलं नाही. ते तुझं आहे. त्या दुपारी मी याच शब्दावर बसलो होतो. ती दारात येऊन म्हणाली, छातीत दुखतंय, डॉक्टरांकडे जाऊ या का. मी मान वर न करता म्हटलं, एवढं पान होऊ दे. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, ‘काढते मी कळ, तुमचं होऊ द्या.’ वाक्य फार चांगलं होतं. मी कोरं कार्ड ओढलं आणि लिहून घेतलं. कोपऱ्यात बघ, अक्षर माझंच आहे. बोलणारी, पत्नी. वेळ, दुपारी साडेचार.

हे वाचूनही म्हणू दिलंस तर, तुझाच,
बाबा