मैनाबाई आणि माझी पाच पेडलं

रविवार, १६ नोव्हेंबर

आज तालमीत मैनाबाईंनी गाणं मध्येच थांबवलं! माझ्या पायाशी बघत म्हणाल्या, "काय वं प्रणाली, हे डबे कायले पाह्यजेत तुले? माहं गाणं याच्याखाली दबून राह्यलं." सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले.

डबे! पाच पेडलं आहेत माझी, प्लायवूडच्या फळीवर बसवलेली. पाय दिला की गिटारचा आवाज एक फाटका करतं, एक झुलवतं, एक घुमवतं... दोन वर्षं एकेक जमवलंय. आणि मैनाबाई तीस वर्षं या ऑर्केस्ट्रात गातात – नुसता माइक घेऊन.

सहदेवदादा ऑर्केस्ट्राचे मालक. जाताना हळूच म्हणाले, "अकोल्याच्या प्रोग्रामात बाईले त्रास झाला, तर मले दुसरा गिटारवाला पाहा लागन."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

फळी घेऊनच जाणार. ठरलं!

शनिवार, २२ नोव्हेंबर

उद्या अकोला. पाचही पेडलं पुसली. आई म्हणे, "देवाचे भांडे घासून राह्यली का वं?"

रविवार, २३ नोव्हेंबर

काय दिवस!

लग्नाचं रिसेप्शन. आम्ही स्टेजवर चढलो आणि लाइट गेली. जनरेटर लावला – तर माझ्या अडॅप्टरमधून धूर! पाचही पेडलं बंद. आमचा ढोलकीवाला नितेश पळत जाऊन समोरच्या दुकानातून चौकोनी बॅटरी घेऊन आला. दुकानात एकच होती. म्हणजे चालणार एकच पेडल. कोणतं?

हात आपोआप घुमवणाऱ्याकडे गेला. थांबले. मग सगळ्यात कंटाळवाणं उचललं – बूस्ट. ते काही नखरे करत नाही. पाय दिला की गिटार जरा मोठी वाजते, बस.

मैनाबाईंचं तिसरं गाणं. अंतऱ्यात वरचा सूर आला आणि त्यांचा आवाज तिथवर गेलाच नाही. तुटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं – कधी नव्हे ते! मी पाय दाबला, तो सूर तारेवर घेतला, थोडा धरला, आणि खाली आणून सोडला. त्यांनी तिथूनच ओळ उचलली! लोकांना वाटलं, असंच बसवलंय. टाळ्या, वन्स मोअर! दुसऱ्या वेळी आम्ही मुद्दाम तसंच केलं.

परतताना गाडीत मैनाबाई माझ्या शेजारी बसल्या. मूर्तिजापूर गेलं. मग एकदम, "वरचा सूर लागतच नाही मले आता. साल झालं. तालमीत कसंबसं झाकलं. राग माह्या गळ्याचा होता, काढला तुह्या डब्यायवर."

मी संत्रं सोललं, अर्धं त्यांना दिलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सहदेवदादांचा फोन – "आणत जाय बाप्पा तुहे डबे!" विजय! नवा अडॅप्टर आणला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळीच मैनाबाई दारात. ऑर्केस्ट्रा सोडून आल्यात! "आता माह्या खालच्या पट्टीतले गाणे गाईन. तुही गिटार अन् मी, तिसरं कोणी नाही. येशीन का?"

आईनं चहा गाळायच्या आत मी हो म्हणून मोकळी.