चर कुठून न्यायचा

बाबा,

आपल्या आसगावच्या शेतासाठी मी ट्रेंचर घेतेय, म्हणजे छोट्या ट्रॅक्टरच्या मागे लावून चर खोदायचं यंत्र. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "कायले पायजे? कुदळ मेली का?" बोअरपासून खालच्या बांधीपर्यंत, धानाच्या खाचरापर्यंत, पाइप न्यायचा आहे, आणि वरून ठेवला तर नांगरटीत फुटतो, म्हणून जमिनीखालून. लाखांदूरच्या दुकानात दोन प्रकार दाखवले. एक चकतीचा, भराभर जाणारा, पण उथळ. दुसरा साखळीचा, लांब पट्टीवर दातेरी साखळी फिरते, कंबरेइतकी खोल उतरते, पण चाल मुंगीची. दुकानदार मोठा गमत्या. म्हणाला, "पाइपच टाकाचा हाय ना म्याडम, मंग चकतीवाला घ्या. गुडघाभर खोल बहुत झालं. चेनवाला कायले, मुडदा गाडाचा हाय का?" तो हसला, मीही हसले. आमचा आधीच तिथं आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार.

तुम्ही गेलात तेव्हा जिल्हा नुकताच तुटून गोंदिया वेगळा झाला होता आणि मी पुण्याला नोकरीला लागले होते. धानाच्या रोवण्याचे दिवस, रस्ते पाण्याखाली. मी पोचले तेव्हा तुमच्यावर माती ओढून झाली होती. आपल्यात शेतातच पुरतात हे ठाऊक होतं, तरी त्या ओल्या ढिगाकडे बघताना वाटलं, याच्याखाली कोणीही असू शकतं. तोंड बघायला मिळालं नाही, ते अजून जीवाला लागून आहे. पुढं ज्याला शेत वाहायला दिलं त्यानं दोन बांध्यांची एक केली, मधला धुरा, म्हणजे बांध, मोडून सपाट केला, आणि त्यात तुमच्या खुणेचा दगडही गेला. मायला विचारावं तर ती एकदा बोरीच्या झाडाकडे बोट दाखवते, एकदा बोडीच्या पाण्याकडे. "इथंच हायेत थे, जाऊन जाऊन जातीन कुठी?" म्हणजे पाइप कुठूनही नेला तरी तो तुमच्यावरून जाण्याची धास्ती आहेच. उथळ यंत्र घे, असं मायनं दोनदा बजावलं.

मला तुमचं खोदणं आठवतं. तुम्ही पदर खोचल्यासारखं धोतर खोचता, पहिला घाव घालायच्या आधी कुदळीचा दांडा जमिनीवर ठोकता आणि म्हणता, "सरका बापा, सरका." मी विचारते, "कोणाले म्हणता?" तुम्ही म्हणता, "जो असन त्याले." मला वाटायचं साप, विंचू, बेडूक. एकदा एका मजुरानं न बोलताच कुदळ मारली तेव्हा तुम्ही किती तापला होता. "लोकाच्या घरात जाच्या आंधी आवाज देत नाही का रे?" तो बापडा चक्क जमिनीच्या पाया पडला आणि मग खोदू लागला.

मी साखळीवाला मागवला, ट्रायलला. ड्रायव्हर घेऊन आला, भर दुपारी. मायला सांगितलं, आपला मुरूम कठीण आहे, चकती टिकायची नाही. यंत्र घरघरत निघालं, मागं सरळ चर पडत गेला. जिथं पूर्वी धुरा होता तिथं साखळी थांबली. ट्रॅक्टर चालू, साखळी गप्प. ड्रायव्हरनं पट्टी वर उचलली, आत वाकून पाहिलं, परत खाली सोडली. परत तेच. "गोटा नाही, मूळ नाही, माती तं लोण्यावानी हाय," तो म्हणाला, "मंग काहून अडकून राहिली?" तेवढ्यात माय बोरीखालून उठली. पदर डोक्यावर घेतला, चराच्या तोंडाशी आली, काठीनं जमीन ठोकली, आणि तुम्हाला जेवायला हाक मारायची त्याच आवाजात म्हणाली, "सरका हो थोडे. पोरगी पाइप टाकून राहिली." ड्रायव्हर माझ्याकडे बघू लागला. मी नुसती मान हलवली. त्यानं पट्टी खाली सोडली आणि साखळी एकही धक्का न खाता पार गेली.

"सरकले," माय म्हणाली. एसटीत कोणी बाजूला होऊन जागा करून द्यावी तितक्या सहज. मग ती बोरीखाली जाऊन पान लावत बसली.

ड्रायव्हर गेल्यावर मी चराच्या काठावर बसले आणि वर आलेली माती बोटांनी चाळत राहिले. माय समजली मी गोटे वेचतेय. बाबा, मुरमाचं मी तिला उगाच सांगितलं. पाइपला गुडघाभर पुरत होतं; पूर्ण खोल सोड, असं ड्रायव्हरला मीच सांगितलं होतं. तुम्हाला धक्का लागेल ही भीती होतीच, आणि तरी मी तुमच्या बंडीचं एखादं बटण शोधत होते. बटण मिळालं नाही. सगळी मातीच.

हे पत्र चरात ठेवून वर माती ओढावी, असं मनात होतं. पण माय म्हणते तुम्ही तिथून हललात, मग ठेवू तरी कुठं? राहू दे माझ्यापाशीच. चर बुजवायला माणसं आज येणार होती. मी त्यांना उद्या या म्हणाले. कालही हेच म्हणाले होते.